सुकाणूवर कोण होतं

माझी धाकटी बहीण सध्या घरी आहे आणि तिला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण रोज कुणी ना कुणी कारखान्याच्या दारात डोकावतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "बरी आहे ना ती?" जणू काही आत कुणी अंथरुणाला खिळलंय. ती ठणठणीत आहे. तिला एक वर्षासाठी शर्यतींमधून बाहेर काढलंय, आणि ही शिक्षा तिने स्वतःच्या हाताने सही करून ओढवून घेतली आहे. तिचं डोकं फिरलं होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांना तसं वाटत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आमचा धंदा शिडं शिवायचा. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. शिडाच्या कारखान्यात टेबलं नसतात, सगळं काम जमिनीवर चालतं. लाकडी जमीन तुळतुळीत घासलेली, तिच्यावर चपला घालून पाऊल टाकाल तर मी हाकलून देईन. शिवणयंत्र जमिनीत खड्डा करून बसवलेलं असतं. शिवणारी बाई कमरेपर्यंत खड्ड्यात आणि शीड तिच्यासमोरून जमिनीवरून सरकत जातं. त्या खड्ड्यात मी एकोणतीस वर्षं काढली. माझी बहीण एक दिवसही बसली नाही. "शिडं ताईने शिवायची, फाडायची मी," असं ती म्हणायची, आणि शब्दाला जागली.

तिला सगळे टिटवी म्हणतात. बाबांनी ठेवलेलं नाव. लहानपणी ती हाक मारायची तर धक्क्यावरची माणसं दचकून वर बघायची. हळू बोल म्हटलं की दोन मिनिटं हळू बोलायची आणि मग तिचा तिलाच कंटाळा यायचा.

पंधरा वर्षांची असताना बाबांनी तिला दुरुस्त केलेलं एक शीड क्लबात पोचवायला पाठवलं. तिथे एक बोट शर्यतीला निघायच्या बेतात होती, वारा दांडगा होता आणि एक खलाशी आलाच नव्हता. वारा जोरात असला की बोट एका अंगाला कलते. मग दुसऱ्या बाजूच्या काठावर माणसं ओळीने बसवतात, पाय बाहेर सोडून, नुसतं वजन म्हणून. कुणीतरी तिला म्हणालं, "ए पोरी, बसतेस का?" ती बसली. चार तासांनी घरी आली ती ओलीचिंब, मांड्या सोलवटलेल्या, ओठ निळे. आईने टॉवेल तिच्या अंगावर फेकला आणि विचारलं, "शीड पोचवलंस का?" पोचवलं होतं. आमच्या घरात तेवढंच महत्त्वाचं होतं.

पुढची सहा वर्षं ती वजनच होती. मग बोटीच्या टोकावर काम करायला लागली, जिथे लाट आधी अंगावर येते आणि मग बोटीवर. तिथे दोन बोटं मोडून घेतली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही मुलगी पाण्याकडे बघून वारा कुठे वळणार ते सांगते आणि ते खरं निघतं. तेव्हापासून तिचं ते काम झालं. सुकाणूवाल्याच्या शेजारी उभं राहायचं, पाणी वाचायचं आणि वाट सांगायची. बाविसाव्या वर्षापासून तिने याच्यावर पोट भरलं. लोकांच्या बोटी, लोकांची बंदरं, आणि बिछानाही लोकांचाच, एक जण पाळीवर गेला की त्याची ऊब जायच्या आत आपण त्यात शिरायचं. तिची पिशवी कधी पूर्ण रिकामी झालेली मी पाहिली नाही. बाबा गेले तेव्हा ती किनाऱ्यापासून चार दिवस लांब होती. पाचव्या दिवशी दारात उभी राहिली तर आईने तिला पाणी दिलं, पण दोन महिने तिच्याशी बोलली नाही. टिटवीने ते मुकाट्याने सोसलं. मला त्या दोघींच्या मधे उभं राहून निरोप द्यावे लागत, "तिला सांग जेवायला बस," आणि दोघी एकाच खोलीत.

आता खरी गोष्ट. या सगळ्या वर्षांत तिला एकच हवं होतं. सुकाणू. चाक स्वतःच्या हातात, आणि निकालाच्या कागदावर सुकाणूवर कोण होतं त्या रकान्यात स्वतःचं नाव. तिने वाट सांगितलेल्या बोटींनी किती कप जिंकले ते मी मोजत नाही, पण त्या रकान्यात ती एकदाही नव्हती. कारणं मात्र दरवेळी नवी आणि मोठी गोड. आधी म्हणाले, अजून लहान आहेस. मग म्हणाले, तुझ्यासारखा वारा कुणाला कळत नाही, तुला तिथून हलवून कसं चालेल? मग म्हणाले, मालकाला हौस असते ना चालवायची. चाळिशी ओलांडली तेव्हा म्हणाले, आता या वयात कशाला ताप करून घेतेस? मधली दहा वर्षं, जेव्हा ती लहानही नव्हती आणि म्हातारीही नव्हती, ती कुठे गेली हे मला कुणी समजावून सांगेल तर बरं होईल.

शेवटची चार वर्षं ती एका मालकाच्या बोटीवर होती. नळांचा व्यापारी. न्हाणीघरातले चकचकीत नळ विकून मोठा झालेला, तोंडाचा गोड, माणूस म्हणून वाईट नाही. त्याची शिडं माझ्याकडेच शिवली जात. तो ज्या स्पर्धेत उतरायचा तिचा एक नियम आहे आणि या गोष्टीत तोच कळीचा आहे. बोट मालकानेच चालवायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाकी खलाशी पगारी चालतात, पण चाक मालकाच्या हातात. लांबून पंचांना दिसावं म्हणून मालकाने पिवळी बंडी घालायची, बाकी सगळ्यांनी निळी. मालकाला मधेच काही झालं तर दुसऱ्याने चाक धरून बोट सुखरूप किनाऱ्याला आणायची, पण मग त्या शर्यतीतून बाहेर पडायचं. आणि परत आल्यावर तासाभरात एका छापील कागदावर सही करायची, की पूर्ण वेळ बोट मीच चालवली. खाली साक्षीदार म्हणून बोटीवरच्या एकाची सही.

मालकाने टिटवीला शब्द दिला होता. या वर्षी हा कप मिळवून दे, पुढच्या वर्षी मी खुल्या समुद्रातल्या मोठ्या शर्यतीत बोट उतरवतो, तिथे असला नियम नाही, तिथे चाक तुझं. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं, माझ्या कारखान्यात, चपला दाराबाहेर काढून. टिटवी त्या दिवशी रस्ताभर काहीतरी गुणगुणत घरी आली, आणि तिला गाता येत नाही.

शेवटच्या दिवशी हिशोब सोपा होता. गुणांमध्ये पहिले होते दातांचे डॉक्टर, हिरव्या बोटीचे मालक, शांत आणि चिवट माणूस. दुसरा आमचा नळवाला. शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे राहील त्याचा कप. मी धक्क्यावरच होते. स्पर्धा असली की मी तिथे ताडपत्रीखाली माझं छोटं यंत्र मांडते, फाटलेली शिडं तिथल्या तिथे शिवून देते. त्यामुळे पाण्यावर जे झालं ते मी पाहिलेलं नाही, टिटवीने सांगितलं ते लिहिते. धक्क्यावर आणि नंतर खोलीत जे झालं ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दुसऱ्या वळणावर तीन बोटी एकदम बोयापाशी, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपाशी आल्या. टिटवी ओरडली, "डावीकडे!" मालकाने चाक उजवीकडे फिरवलं. शेजारची बोट वीतभर अंतरावरून सरकत गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मालकाचे हात चाकावर गोठले. चेहरा पांढराफटक, तोंड उघडं, बोट भरकटायला लागलेली आणि हा माणूस चाक सोडेना. टिटवीने त्याची बोटं एकेक करून सोडवली. "माझ्याच्याने होत नाही," तो म्हणाला. मग स्वतःच पिवळी बंडी काढली, तिच्या डोक्यातून खाली ओढली आणि शिडी उतरून आत गेला. आत सुट्या शिडांच्या पिशव्या असतात, त्यांच्यावर आडवा झाला.

नियमाप्रमाणे त्याच क्षणी शर्यत सोडायला हवी होती. बोटीवरच्या दहा जणांपैकी एकानेही तसं म्हटलं नाही. टिटवीनेही नाही. हे मी झाकत नाही, आणि तीही झाकत नाही.

चाळीस मिनिटं तिने बोट चालवली. "ताई," ती मला नंतर म्हणाली, "तेवढा वेळ माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. कुणाला काही सांगायचंच नव्हतं. दिसलं की हात वळत होते." शेवटच्या टप्प्यात वारा फिरला. सकाळपासून तो दीपगृहाच्या बाजूने वाहत होता, तो आता धान्याच्या गोदामांच्या बाजूने यायला लागला. डॉक्टर जुन्या वाऱ्याच्या भरवशावर दीपगृहाकडे गेले होते. टिटवी आधीच गोदामांकडे वळली होती. तिने हिरव्या बोटीच्या नाकासमोरून आपली बोट काढली आणि एका बोटीच्या लांबीने शर्यत मारली. रेषा ओलांडल्यावर मालक वर आला, बंडी मागून घेतली आणि घातली. तिने काढून दिली. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही, असं ती म्हणते. हात अजून चाकावरच असल्यासारखे वाटत होते.

घाबरला म्हणून मी मालकाला हसत नाही. पाण्यावर घाबरणं हे जिवंत माणसाचं लक्षण आहे, माझे बाबा तर धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाय ठेवायलाही घाबरत. राग मला त्याच्यानंतरच्या तासाचा आहे.

बोट धक्क्याला लागली तशी माणसं जमली. मालकाच्या हातात कुणीतरी पेला दिला. तो माझ्या ताडपत्रीपासून चार पावलांवर उभा होता, आणि त्याने ती शर्यत सांगायला सुरुवात केली. हातवारे करून, पिवळी बंडी घालून. मी असं वळवलं, मी तसं हेरलं. त्यात काही नवल नाही, मालक लोक असंच बोलतात, टिटवीला चोवीस वर्षांची सवय आहे. ती माझ्या खुर्चीवर बसून बूट काढत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मग तो दुसऱ्या वळणावर आला.

"तिथे तर सगळे गारठलेच," तो म्हणाला. "आपली टिटवी, एवढी जुनीजाणती, पण हिचे हात असे थिजले! दोराला धरून बसली ती सोडेचना. मी म्हटलं, बाई, तू खाली बस, घाबरू नकोस, मी आहे ना." आणि आमच्याकडे बघून प्रेमाने म्हणाला, "हो की नाही गं? बिचारी."

माणसं हसली. वाईट नाही, मायेनेच हसली. एकाने तर येऊन तिच्या पाठीवर थोपटलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिटवीने एक बूट काढला होता, दुसरा तसाच राहिला.

तेवढ्यात क्लबचा माणूस तो छापील कागद घेऊन आला. मालकाने माझ्या यंत्रावर ठेवून सही ठोकली आणि पेन टिटवीपुढे धरलं. "कर सही. पुढच्या वर्षीचं चाक विसरू नकोस," तो हळूच म्हणाला. धमकी म्हणून नाही. खरोखर आठवण म्हणून. त्याने शब्द पाळला असता, मला आजही तसंच वाटतं.

टिटवीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "कर आणि मोकळी हो." हे लिहायची मला लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू? मला ते चाक दिसत होतं. वर्षभरात तिच्या हातात येणारं, नियमाने, उघड्यावर, तिच्या नावाने. एवढ्या वर्षांनी घास तोंडाशी आलेला. एक खोटं गिळ, मला वाटलं, इतकी गिळलीस त्यात आणखी एक.

"ताई, जिंकलेली शर्यत मी त्याला देऊन टाकली असती," ती म्हणाली. "दिलीच होती. पण त्याची भीती मी नाही घेणार."

तिने पेन घेतलं. साक्षीदाराच्या जागी सही केली आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, दुसऱ्या वळणापासून शेवटपर्यंत बोट मी चालवली. क्लबच्या माणसाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद असा दोन बोटांनी धरला जणू त्याला काहीतरी लागलंय. मालकाचा पेला हातातच राहिला. "टिटवी," तो म्हणाला, "अगं, तुझंच नुकसान आहे यात."

"माझंच आहे ना?" ती म्हणाली. "मग तुम्ही कशाला काळजी करता?"

सुनावणी त्याच संध्याकाळी क्लबच्या माडीवरच्या खोलीत झाली. लांब टेबल, तीन पंच, मधे एक बाई, शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली. बाहेरच्यांना भिंतीशी बाकावर बसू देतात, बोलू देत नाहीत. माझ्यासारखीला ही शिक्षाच. टेबलावर लाकडाच्या छोट्या छोट्या बोटी ठेवलेल्या असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि पुठ्ठ्याचा एक बाण. बोटी मांडून दाखवायचं काय झालं ते, आणि बाण ठेवायचा वारा कुठून होता ते. मोठी मोठी माणसं तिथे बसून खेळणी सरकवत भांडतात, पण त्या टेबलावर भल्याभल्यांचं पितळ उघडं पडलं आहे.

मालक शांतपणे म्हणाला की बोट पूर्ण वेळ त्यानेच चालवली. टिटवी थकली आहे, तिला वळणावर धक्का बसला, तिच्या मनात काहीतरी भलतंच भरलंय. तिच्याबद्दल त्याच्या मनात किंतु नाही. मग बाकीच्या आठ खलाशांना एकेक करून बोलावलं. पगारी माणसं, पुढच्या वर्षीही पोट आहे. कुणी दोर ओढत होता, कुणी शिडाकडे बघत होता, कुणाच्या डोळ्यांत पाणी उडालं होतं. सगळे मूग गिळून बसले. चाळीस मिनिटांत आठांपैकी एकाचीही मान मागे वळली नाही, इतक्या शिस्तीची बोट मी आजवर पाहिलेली नाही.

"तुमच्याकडे दुसरा साक्षीदार आहे?" गणिताच्या बाईंनी टिटवीला विचारलं.

"नाही. पण मालकांना एक विचारू का?"

"विचारा."

ती टेबलापाशी गेली. एक पाऊल बुटात आणि एक नुसत्या मोज्यात, कारण काढलेला बूट अजून धक्क्यावर माझ्या खुर्चीखाली होता. तिने पुठ्ठ्याचा बाण उचलला आणि मालकापुढे ठेवला. "शेवटच्या टप्प्यात वारा कुठून होता? एवढा बाण ठेवा फक्त."

मालक हसला. त्याला वाटलं ही काहीतरी अवघड विचारेल. त्याने बाण उचलला आणि झोकात ठेवून दिला. दीपगृहाच्या बाजूने.

मला टाळी वाजवावीशी वाटली, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाहेर धक्क्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं की वारा फिरला होता. चौदा बोटींवरचा प्रत्येक माणूस दुपारभर त्याबद्दलच बोलत होता, फक्त आमच्या मालकाने दुपारभर स्वतःच बोलायचं काम घेतलं होतं, त्यामुळे कुणाचं ऐकायची वेळच आली नाही. आणि जो आत पिशव्यांवर पडून छताकडे बघत होता त्याला कुठून कळणार? चाक धरलेल्या माणसाच्या गालाला ते आधी कळतं, डोक्याला नंतर.

पंचांच्या बोटीवर दर दहा मिनिटांनी वारा वहीत लिहून ठेवतात. गणिताच्या बाईंनी वही उघडली, पान काढलं, चष्मा सावरला. मग हात लांब करून तो बाण स्वतः उचलला आणि गोदामांच्या बाजूला ठेवला. मालक त्या बाणाकडे बघत राहिला.

"मी आत होतो," तो शेवटी म्हणाला. खूप हळू. त्या क्षणी मला त्याची दया आली, आणि स्वतःचा रागही आला.

बोट बाद झाली. मालकाला दोन वर्षं बाहेर. मग बाई टिटवीकडे वळल्या. म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, पण आधी बंडीही घातलीत. शर्यत सोडायला तुमच्याकडे चाळीस मिनिटं होती."

"होती," टिटवी म्हणाली. "सोडवली नाही."

"एक वर्ष."

"कबूल."

मला वाटलं झालं, आता घरी जाऊ, चहा करू, आईला काय सांगायचं ते रस्त्यात ठरवू. माझी स्वतःचीही गणितं होती, कारण मालकाची शिडं आता माझ्याकडे येणार नव्हती. पण टिटवी माडीवरून उतरली ती थेट सूचनांच्या फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. क्लबचा सचिव दुरुस्त केलेल्या निकालाचा कागद लावत होता. डॉक्टर पहिले. बाकीचे एकेक घर वर सरकले. सगळ्यात खाली आमची बोट, पुढे लिहिलेलं बाद, आणि सुकाणूवर कोण होतं तो रकाना कोरा.

"इथे नाव लिहायचं राहिलं," टिटवी म्हणाली.

"बाद बोटीचं लिहीत नाहीत," सचिव म्हणाला.

"नियम आहे का?"

"नियम नाही. पद्धत आहे."

"कोणी पाडली?"

सचिवाला हे आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच पाडली. "कशाला गं," तो समजुतीने म्हणाला. "चांगलं दिसतं का ते? सगळ्यात खाली, बाद म्हणून, आणि त्यापुढे तुझं नाव. वर्षानुवर्षं दप्तरात राहील. लोक हसतील."

"हसू देत. वरच्या ओळीत मी इतकी वर्षं होते आणि तिथे दुसऱ्याचंच नाव लिहीत आलात. कोरं ठेवून आता माझ्यावर उपकार करू नका. चाळीस मिनिटं तिथे कोण होतं ते वर ठरलंय. गुन्हा माझा लिहून घेतलात ना? मग नाव पण माझंच लिहा. पूर्ण लिहा. टिटवी लिहू नका."

तिचा आवाज चढला नव्हता. मी मात्र मधे पडले, आता इथे बाक नव्हता आणि मला बोलायला कुणाची बंदी नव्हती. "लिहा हो," मी म्हणाले. "नाहीतर आम्ही दोघी इथेच उभ्या आहोत, आणि आम्हाला घरी कसलीही घाई नाही." मला रडू येत होतं आणि ते रागाचं आहे असं मी दाखवत होते.

सचिवाने खिशातून पेन काढलं. कागद फळ्यावरच होता, हात वर करून त्याने लिहिलं. टिटवी शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती. तिचं ते पूर्ण नाव मीसुद्धा कितीतरी वर्षांनी लिहिलेलं पाहिलं.

डॉक्टर तेव्हा कप घेऊन जिन्यावरून येत होते. न जिंकता मिळालेला कप कसा धरायचा ते त्यांना उमगत नव्हतं, छत्री धरावी तसा काखेत धरला होता. ते फळ्यापाशी थांबले, वरून खाली सगळे निकाल वाचत शेवटच्या ओळीशी आले.

"म्हणजे गोदामांकडून मला कापून गेलीस ती तू?"

"मीच."

"मी चार वर्षं नळवाल्याला ओळखतो," ते म्हणाले. "मला कळेना की आज याला झालं तरी काय." मग त्यांनी कपाकडे पाहिलं. "याचं काय करू मी?"

"एक वर्ष वापरून घ्या," टिटवी म्हणाली. "त्याच्या पुढचा मला हवाय."

"ही मालकाने चालवायची शर्यत आहे, बाई. बोट कुठाय तुझ्याकडे?"

"वर्ष आहे ना हातात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कप काखेतून काढून दोन्ही हातांत नीट धरला, आणि फळ्यावरचं ते शेवटचं नाव पुन्हा एकदा वाचलं.